मोठ्या फर्ममध्ये तीन वर्षं आणि साधारण अकराशे टॉयलेट

आर्किटेक्चर कॉलेजमधली ज्युनिअर पोरं अधूनमधून मेसेज करतात, ताई मोठ्या फर्मला जॉइन होऊ का छोट्या स्टुडिओत जाऊ. मी उत्तर टाईप करायला घेते, ते लांबत जातं, मग कंटाळून "भेटून बोलू" लिहून टाकते आणि भेटणं काही होत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी लोअर परळच्या एका मोठ्या फर्ममध्ये तीन वर्षं आणि वर दोन महिने होते, नाव सांगणार नाही, ओळखणारे ओळखतील. दोन मजले, दीडशेच्या वर माणसं, जुन्या मिलच्या जागेत ऑफिस. आता ठाण्यात पाच जणांच्या ऑफिसात आहे.

इंटरव्ह्यूपासून सांगते. चाळीस पानांचा पोर्टफोलिओ नेला होता, थीसिस कोळीवाड्यावर (आमच्या बॅचमध्ये अर्ध्या लोकांचा कोळीवाड्यावरच होता, कोळी लोकांना विचारलं कोणी नव्हतं ते सोडा). समोरच्या सरांनी चार मिनिटांत सगळी पानं उलटली, एकाही रेंडरवर थांबले नाहीत, आणि कोरा कागद पुढे सरकवून म्हणाले, डॉगलेग (मध्ये वळून उलट चढणाऱ्या) जिन्याचं सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढ, हेडरूम (डोक्यावरची मोकळी उंची) दाखव. मी काढलं. मिड लँडिंगखाली माणूस उभा केला तर त्याचं डोकं बीमला आपटत होतं. सर म्हणाले, "हा माणूस रोज वाकून जाणार का?" मी म्हटलं नाही सर, आणि खोडून परत काढलं. तेवढ्यावर घेतलं मला. पगार सव्वीस हजार. बाबांनी डोंबिवलीच्या घरात आकडा ऐकला आणि पाच वर्षांच्या फीचा हिशोब मनातल्या मनात केला, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसला मला, पण बोलले काही नाहीत, "कॅन्टीन आहे का" एवढंच विचारलं.

पहिले दोन आठवडे मी एक रेघ मारली नाही. ऑफिसचं एक स्टँडर्ड मॅन्युअल होतं, कुठली लेयर (ड्रॉइंगचा थर) कुठल्या रंगात, भिंतीची रेघ केवढ्या जाडीची, फाइलला नाव कसं द्यायचं, ते वाचायचं. मला तेव्हा हसू यायचं. पण दीडशे माणसं एकमेकांच्या फाइली एक्सरेफ करून, म्हणजे आपल्या फाइलीत जोडून, काम करतात तेव्हा एकानं जरी भिंत चुकीच्या लेयरवर काढली तर पुढच्या वीस जणांच्या प्रिंटमध्ये ती गायब होते, हे मी नंतर स्वतःच्याच कर्माने शिकले.

मग मला टॉयलेट मिळाले. मिळाले म्हणजे अक्षरशः, मीटिंगमध्ये टीमचा लीड म्हणाला, "टॉयलेट डिटेल्स तुझे." प्रोजेक्ट मध्य मुंबईतल्या जुन्या चाळींच्या रिडेव्हलपमेंटचा, ३३(७) मधला, म्हणजे जुन्या भाडेकरू इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमातला. बाजारात विकायचे दोन सेल टॉवर आणि चाळीतल्या मूळ भाडेकरूंसाठी एक रिहॅब बिल्डिंग. सेलला एकेका टॉवरमध्ये राहायचे चौतीस मजले, मजल्यावर सहा फ्लॅट, प्रत्येकात दोन टॉयलेट. रिहॅबला तेवीस मजले, मजल्यावर बारा घरं, प्रत्येकी एक. गुणाकार करून बघा, अकराशेच्या जवळ जातो. अर्थात टाइप नऊच होते, बाकी सगळं कॉपी आणि मिरर, पण आकडा सांगायला बरा वाटतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं टॉयलेटमध्ये काय काढायचं असतं. एका टॉयलेटचे चार एलिव्हेशन, प्लॅन, सेक्शन, फ्लोअरिंग लेआउट, फॉल्स सीलिंग, दरवाज्याच्या उंबऱ्याचा ग्रॅनाइट, खिडकीचा जांब (चौकटीची बाजू), नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी) लादीच्या बरोबर कोपऱ्यात यायला हवा नाहीतर कापलेली पट्टी दिसते, स्लोप त्याच्याकडे, शॉवरचं पाणी बेसिनखाली जायला नको, गीझरचा पॉइंट फॉल्स सीलिंगच्या वर पण माणसाचा हात पोचेल असा, पाइपांच्या डक्टमध्ये प्लंबर शिरू शकेल एवढी जागा. (नहाणी ट्रॅप हा आमच्या अख्ख्या ड्रॉइंग सेटमधला बहुतेक एकमेव मराठी शब्द, आणि तो लिहिणाऱ्या निम्म्यांना न्हाणीघर म्हणजे काय ते माहीत नव्हतं.) हे सगळं जुळवून झालं की बिल्डरच्या पर्चेसवाल्यांना कुठेतरी लादी स्वस्त मिळते, तीनशे बाय सहाशेची सहाशे बाय बाराशे होते, आणि आपण पहिल्यापासून सुरू. असं तीनदा झालं. सेलच्या आठ टाइपवर मी जवळजवळ सात महिने घालवले. रिहॅबचा एकच टाइप होता, तीनशे चौरस फुटाच्या घरात टॉयलेटला जागा ती केवढी, तो मी एका दुपारी उरकला, चहाच्या आधी.

आता छोट्या स्टुडिओत काय झालं असतं? माझी मैत्रीण बांद्र्यात चार जणांच्या ऑफिसात लागली होती, ती पहिल्या वर्षी क्लायंटला भेटली, साइटवर सुताराशी भांडली, मॉडेल बनवलं आणि पैसे थकले म्हणून क्लायंटच्या दारात चेक आणायला पण गेली. माझ्याकडे फसाड (बाहेरचा दर्शनी भाग) वेगळ्या टीमकडे, इंटिरिअर वेगळ्या, बिम (कॉम्प्युटरवरचं थ्रीडी) मॉडेल वेगळ्या, म्युनिसिपालिटीचं लायझन (परवानग्यांची कामं) वेगळ्या. बिल्डिंगची मूळ कल्पना काय होती ते मला कोणी सांगितलं नाही, ती रिसेप्शनच्या भिंतीवर फ्रेम लागली तेव्हा मी वाचली.

कॉलेजमध्ये आम्ही पेडर रोडच्या फुटपाथवर उभं राहून कांचनजंगा बिल्डिंग बघितली होती, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची, १९८३ मध्ये पूर्ण झालेली. कोपऱ्यात खोल कोरलेल्या दुमजली उंचीच्या गच्च्या, कारण मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला आणि ऊन-पाऊसही तिकडूनच, म्हणून मध्ये सावलीचा थर ठेवायचा. स्केचबुकं भरली आम्ही. ऑफिसात गेल्यावर मी लायझनच्या सरांना विचारलं की आपल्याकडे अशी खोल गच्ची का नाही, तर ते डबा उघडता उघडता हसले.

हे लायझनचे सर म्हणजे ऑफिसातला माझा खरा क्लास. पन्नाशीचे, गिरगावचे, कोट नाही टाय नाही, हातात कायम फायलींची पिशवी. ऑफिसात भाषेचे पण मजले होते, वर डिझाइनवाले इंग्रजीत, साइटवर हिंदी, आणि लायझनची चार टेबलं मराठीत. मी डबा घेऊन तिथे बसायला लागले कारण वर दुपारी सगळे सॅलड मागवायचे आणि माझ्या डब्यात बोंबलाची चटणी असायची. सरांनी समजावलं की पूर्वी फ्लॉवर बेड, बाल्कनी, कोनाडे हे एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशोबात) मोजत नव्हते, मग बिल्डरांनी काढायचे फ्लॉवर बेड आणि ओसी (राहायला जायचा दाखला) मिळाली की लोक ते खोलीत घ्यायचे. २०१२ साली नियम बदलला, हे सगळं मोजायचं ठरलं आणि त्या बदल्यात ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येईल असा जादा, एफएसआय दिला. "म्हणजे आता गच्ची दिलीस तर ती खोलीतून कापून देतेस, मग बिल्डर काय म्हणेल सांग?" सर म्हणाले. पाच वर्षांत कॉलेजमध्ये इमारत अशी का दिसते याची शंभर कारणं शिकले होते, हे एक सोडून.

आणि आयओडी. मुंबईत बांधकामाची परवानगी मिळते त्या कागदाचं नाव इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल, म्हणजे नामंजुरीची सूचना. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यातून आलेली भाषा, की तुमचा प्लॅन आम्ही नामंजूर करतोय, पण या या अटी पाळल्यात तर बांधा. पहिल्यांदा आयओडी आली तेव्हा सरांनी टीमला पेढे वाटले आणि मी पहिल्या पानावरचा तो शब्द वाचून घाबरले होते की रिजेक्ट झालं.

चुकीबद्दल लिहायलाच हवं, कारण मोठ्या फर्मचा खरा अनुभव मला तिथेच आला.

उंच बिल्डिंगला आग लागली तर लोकांनी थांबायला रेफ्यूज एरिया लागतो, चोवीस मीटरच्या वर पहिला आणि मग ठरावीक मजल्यांनंतर पुढचा. आमचा दुसरा रेफ्यूज पंधराव्यावर होता. तिथे लॉबीचा प्लॅन बाकीच्या मजल्यांपेक्षा वेगळा, आणि फायर कन्सल्टंटच्या शेऱ्यामुळे पाइपांची डक्ट दोनशे मिलिमीटर सरकली. मी ड्रॉइंग बदललं, आर-थ्रीचं आर-फोर केलं, म्हणजे तिसऱ्या रिव्हिजनची चौथी, पाठवलं. टॉवर मिव्हानमध्ये होता, म्हणजे ॲल्युमिनियमचं शटरिंग, भिंती आणि स्लॅब एकदम ओततात, आठवड्याभरात एक मजला वर जातो, आणि एकदा ओतलं की वीटकामासारखं छिन्नी घेऊन "जरा इकडे घे" करता येत नाही. पाइपांच्या जागा आधीच स्लीव्ह (नळीचे तुकडे) ठेवून सोडतात. एका मंगळवारी साइटवरून फोटो आला, पंधराव्याचा स्लॅब झालाय आणि पाचही स्लीव्ह जुन्या जागी. म्हणजे लॉबीच्या चालायच्या वाटेत पाच भोकं.

ईमेल सुरू झाल्या. पीएमसीने (साइटचे प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाले) बिल्डरला, बिल्डरने आमच्या डायरेक्टरना, त्यांनी असोसिएटला, प्रत्येक ईमेलच्या सीसीमध्ये चार नावं वाढत गेली, दुपारपर्यंत मी ज्यांना कधी बघितलं नाही अशी एकवीस माणसं माझ्या डक्टबद्दल बोलत होती. लीडने मला शांतपणे सांगितलं, चूक कोणाची ते नंतर, आधी ट्रान्समिटल काढ. ट्रान्समिटल म्हणजे कुठलं ड्रॉइंग कुठल्या तारखेला कोणाला पाठवलं त्याची नोंद, जे भरायचा मला मनस्वी कंटाळा. काढलं. आर-फोर गेलं होतं, स्लॅबच्या अकरा दिवस आधी, साइटची पोच पण होती. मला एकदम हायसं वाटलं, आणि मग लीडने आर-फोर उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. बदललेल्या जागेभोवती ढग काढायचा असतो, रिव्हिजन क्लाउड, म्हणजे साइटवरच्या माणसाला एका नजरेत कळतं की इथे काहीतरी हललंय. मी काढलाच नव्हता. दोनशे मिलिमीटर म्हणजे त्या स्केलला दोन मिलिमीटर, कोण बघणार आहे ते. त्यांनी नवीन प्रिंट घेतली, वरवर बघितली, सगळं तेच दिसलं म्हणून तसंच ओतलं.

कागदोपत्री आम्ही सुटलो. खर्च कॉन्ट्रॅक्टरवर गेला. स्ट्रक्चरल कन्सल्टंटची परवानगी घेऊन नवीन जागी कोअर कटिंग केलं, म्हणजे मशीनने गोल भोकं पाडली, जुनी भोकं ग्राउटने (पातळ सिमेंटने) बुजवली. मी बघायला गेले तेव्हा साइट इंजिनिअर, माझ्याच वयाचा, सोलापूरकडचा मुलगा, तिथे उभा होता आणि त्याला त्या आठवड्यात काय काय ऐकावं लागलं असेल ते त्याच्या तोंडावर होतं. मी म्हटलं, "माझा क्लाउड राहिला होता." तो म्हणाला, "असू द्या मॅडम, आमच्या लक्षात यायला पाहिजे होतं." आणि आम्ही दोघं मशीनमधून निघणारा तो काँक्रीटचा गोल तुकडा बघत राहिलो. तो तुकडा मी पिशवीत घालून घरी आणला, अजून आहे, दाराला टेकू म्हणून.

रात्री उशीर व्हायचा का, तर हो. रोज नाही, पण सबमिशनच्या आठवड्यात प्लॉटरजवळच संसार. सोमवारी सकाळी हवंच म्हणून शनिवार-रविवार बसायचं आणि क्लायंटने सेट उघडायचा गुरुवारी. अकरानंतर निघालं तर कॅबचे पैसे मिळायचे, त्यामुळे पावणेअकराला काम संपलेली माणसं उगाच पंधरा मिनिटं माउस हलवत बसायची, मी पण. करी रोडवरून स्लो, दादरला उतरून फास्ट, रात्रीच्या लेडीज डब्यात मासेवाल्या बायका टोपल्यांवर डोकं ठेवून झोपलेल्या. टाइमशीट भरायची असते, प्रत्येक अर्ध्या तासाला प्रोजेक्टचा कोड. शिकण्याला कोड नव्हता. मी लायझनच्या सरांकडे बसलेले तास "कोऑर्डिनेशन" म्हणून टाकायचे.

वाईटच होतं असं नाही हं. तिथे जे कन्सल्टंट एका टेबलावर बसलेले बघितले ते छोट्या ऑफिसात दहा वर्षांत दिसले नसते. मटेरियलची लायब्ररी होती, दगडाच्या दीड-दोनशे लाद्या हातात घेऊन बघता यायच्या. कोणीतरी वीस वर्षं फक्त जिने आणि लिफ्टचे कोअरच केलेत असा माणूस असायचा आणि तो तुमचा प्लॅन बघून तीस सेकंदांत सांगायचा की पाचवी लिफ्ट बसणार नाही. ते ज्ञान असंच, पानाच्या टपरीवर उभ्या उभ्या मिळतं.

शेवटच्या पावसाळ्यातली गोष्ट. पँट्रीत एक मामा होते, सगळे मामाच म्हणायचे, काळाचौकीच्या चाळीत वाढलेले, वडील गिरणीत, १९८२ च्या संपात काम गेलं ते गेलंच. त्यांची चाळ पण रिडेव्हलपमेंटला, वेगळा बिल्डर. एक दिवस संध्याकाळी चहाचा कप ठेवून घुटमळले. "ताई, जरा एक कागद बघता का? रविवारी मीटिंग आहे, सही करा म्हणतायत." झेरॉक्सची झेरॉक्स होती. एकाला शंभरचा, म्हणजे शंभर पट लहान काढलेला, प्लॅन, पण झेरॉक्समध्ये लहान झालेला, स्केल लावली तर काहीच जुळेना. शेवटी दरवाज्याची रुंदी नऊशे मिलिमीटर धरून उलटा हिशोब काढला. साधारण तीन मीटर बाय नऊ पॉइंट तीन, तीनशे चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली जागा), नियमात बसत होतं. मी तसं सांगितलं, मामा कार्पेट बरोबर आहे, फसवलेलं नाही.

"ते असू दे हो," मामा म्हणाले, "गणपती कुठे बसेल?"

पाच दिवसांचा गणपती त्यांच्याकडे, आजोबांपासून. मी प्लॅनकडे बघत राहिले. मग बटर पेपर घेतला आणि एकाला पंचवीसला घर काढून दिलं, मोठं, हाताने, आणि पुठ्ठ्याचे तुकडे त्याच स्केलला कापले: गोदरेजचं कपाट, दिवाण, फ्रिज, वहिनींची शिलाई मशीन, देव्हारा, आणि एक चौकोन मखराचा. म्हटलं घरी घेऊन जा, बसवून बघा. टाइमशीटला "कोऑर्डिनेशन".

दुसऱ्या दिवशी मामांनी कागद परत आणला. तुकडे सेलोटेपने चिकटवलेले, दोन जागी खोडून परत चिकटवलेले. टॉयलेटच्या दारावर निळ्या पेनाने फुली, आणि शेजारच्या भिंतीवर, मोरीच्या बाजूला, नवीन दार काढलेलं, कमान वगैरे नीट. "बायको म्हणते आरतीला माणसं इथे उभी राहणार, आणि संडासचं दार बरोबर बाप्पाच्या समोर उघडतंय. ते तिकडून केलं तर चालेल का विचार म्हणाली." मी मोजलं. चालत होतं. पाइप हलत नव्हता, नहाणी ट्रॅप होता तिथेच, फक्त दाराची जागा बदलायची. दिवाणासाठी अजून सव्वा फूट सलग भिंत मिळत होती वर. मी खाली लाल पेनाने मापं टाकली आणि म्हटलं, मामा, हेच मीटिंगला न्या, त्यांच्या आर्किटेक्टला दाखवा, आत्ता सांगितलं तर होईल, काम सुरू झालं की नाही होणार.

मामा गेले. मी आमच्या प्रोजेक्टच्या रिहॅबची फाइल उघडली, तो एका दुपारचा टाइप. दार बाहेरच्या खोलीत उघडत होतं, लांब भिंतीच्या बरोबर मधोमध. बारा घरं, तेवीस मजले. साइटचा ग्रुप बघितला, सकाळीच फोटो आला होता, रिहॅबचा सतरावा स्लॅब झाला म्हणून, खाली कोणीतरी हात जोडलेले टाकले होते.